के, एम, सीआर : मोठ्या रकमांची आखूड रूपे

मोठी रक्कम लिहिताना शून्ये गाळून त्यांच्या जागी एखादे इंग्रजी अक्षर ठेवण्याची पद्धत आता बँकेच्या ॲपपासून घरांच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे रुळली आहे. पन्नास हजारांचे '५० के' होतात, पंच्याऐंशी लाखांचे '८५ एल' आणि सव्वा कोटीचे '१.२५ सीआर'. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर नऊ-दहा आकडी संख्या मावत नाही आणि मावली तरी शून्ये मोजताना नजर चुकते. त्यातून ही सोय झाली. मात्र ही अक्षरे एका ठिकाणी बसून कोणी ठरवलेली नाहीत. काही रोमन अंकांतून आली, काही मेट्रिक मापांतून, काही शेअर बाजारातून, तर काही आपल्या लाख-कोटींच्या मोजणीतून. म्हणूनच एकच अक्षर एका कागदावर हजार दाखवते आणि दुसऱ्यावर दहा लाख. रक्कम वाचण्याआधी ती कोणी आणि कोणत्या देशाच्या पद्धतीने लिहिली आहे, हे पाहावे लागते ते यासाठीच.

हजाराचे अक्षर, दहा लाखांचे अक्षर

'के' म्हणजे हजार. ग्रीक भाषेतील हजारवाचक शब्दावरून फ्रान्समध्ये १७९५ साली मेट्रिक पद्धतीसाठी 'किलो' हा उपसर्ग घेतला गेला आणि किलोग्रॅम, किलोमीटर यांच्यामागून तो पगाराच्या आकड्यांपर्यंत येऊन पोहोचला. '४५ के' म्हणजे ४५ हजार, '३.४ के' म्हणजे ३ हजार ४००. मेट्रिक मापांत हे अक्षर स्मॉल लिपीत लिहितात, पैशांच्या व्यवहारात बहुधा कॅपिटल; अर्थ दोन्हीकडे तोच राहतो. अमेरिकी बोलीत हजार डॉलरना 'ग्रँड' म्हणतात, त्यामुळे तिथे कधी 'जी' हे अक्षरही हजारासाठी दिसते.

प्रत्येक 'के' मात्र हजाराचा नसतो. सराफाच्या पाटीवरचा '२२ के' म्हणजे २२ कॅरेट. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या बोलण्यात '४०१ के' हमखास येतो. ती रक्कम नव्हे, तर निवृत्तीसाठी बचत करण्याची योजना आहे, आणि तिचे नाव तिथल्या करकायद्यातील ४०१ व्या कलमाच्या 'के' उपकलमावरून पडले आहे. अमेरिकी कंपन्या दरवर्षी जो सविस्तर अहवाल नियामकाकडे सादर करतात, त्याच्या नमुन्याचे नाव '१०-के' असते. त्याचाही दहा हजारांशी संबंध नाही.

'एम' हे अक्षर सगळ्यांत जास्त घोटाळा करते. रोमन अंकांत 'एम' म्हणजे हजार. लॅटिनमधील 'मिले' या हजारवाचक शब्दाचे ते पहिले अक्षर. पुढे इटालियनमध्ये 'मोठा हजार' अशा अर्थाचा 'मिलिओने' हा शब्द तयार झाला आणि त्यातून मिलियन, म्हणजे हजार गुणिले हजार, म्हणजेच दहा लाख. दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच असल्यामुळे 'एम'चे दोन अर्थ आजतागायत शेजारी शेजारी नांदत आहेत. बातमीत, ॲपमध्ये किंवा चित्रफितीखाली '२ एम' असेल तर तो दोन मिलियन, म्हणजे २० लाख. पण जाहिरात व्यवसायात दर हजार दर्शनांमागचा खर्च 'सीपीएम' या नावाने सांगतात आणि त्यातला 'एम' हजाराचा असतो. यूट्यूबवर मराठी वाहिनी चालवणाऱ्याला आपल्या खात्यात 'आरपीएम' असा आकडा दिसतो. तोही दर हजार दर्शनांमागचे उत्पन्न आहे. तो दहा लाखांमागचा समजला, तर वाहिनीची कमाई प्रत्यक्षापेक्षा हजारपटीने कमी वाटेल.

जिथे 'एम' म्हणजे हजार हा जुना अर्थ टिकून राहिला, तिथे मिलियनसाठी 'एमएम' लिहू लागले. रोमन अंक म्हणून 'एमएम' वाचला तर तो दोन हजार होतो, पण अमेरिकी बँकांच्या आणि तेल-वायू व्यवसायाच्या कागदांत तो हजार गुणिले हजार असा वाचायचा असतो. भारतात हे रूप वायूच्या दरामुळे वर्तमानपत्रांत येते. देशात उत्पादित होणाऱ्या नैसर्गिक वायूच्या मोठ्या भागासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये नवे सूत्र लागू केले, तेव्हा दराची वरची मर्यादा 'एमएमबीटीयू'मागे ६.५ डॉलर अशी ठरली होती. हा दर दहा लाख ब्रिटिश औष्णिक एककांमागचा आहे. घरगुती पाइप गॅस आणि सीएनजी यांच्या दरांच्या बातम्या वाचताना हे एवढे ठाऊक असले तरी पुरते.

हा गोंधळ टाळण्यासाठी अनेक संस्था मिलियनला 'एमएन', बिलियनला 'बीएन' आणि ट्रिलियनला 'टीएन' अशी दोन अक्षरे वापरतात. ही रूपे अधिक सुरक्षित आहेत. स्वतः लिहिणाऱ्याने तीच निवडणे चांगले.

बिलियन सगळीकडे सारखा नाही

आज इंग्रजीत 'बी' किंवा 'बीएन' म्हणजे बिलियन, शंभर कोटी, एकावर नऊ शून्ये. मराठीत यासाठी 'अब्ज' हा नेमका शब्द आहे. पण ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियनचा अर्थ दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एकावर बारा शून्ये असा होता. अमेरिकेतला नऊ शून्यांचा अर्थ सरकारी आकडेवारीत वापरला जाईल, असे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी १९७४ साली संसदेत लेखी उत्तरात स्पष्ट केले आणि जुना अर्थ हळूहळू मागे पडला. त्यामुळे जुन्या ब्रिटिश पुस्तकात बिलियन दिसला, तर तो आजचा बिलियन आहे असे गृहीत धरता येत नाही.

युरोपातील मोठ्या भागात तो जुना अर्थ आजही चालू आहे. जर्मनीत शंभर कोटींना 'मिलियार्ड' म्हणतात आणि त्याचे आखूड रूप 'एमआरडी' असे छापतात. तिथला 'बिलिओन' म्हणजे इंग्रजीतला ट्रिलियन. फ्रेंचमध्येही तसेच, शंभर कोटी युरो लिहिताना 'एम' आणि 'डी' ही अक्षरे जोडून पुढे युरोची खूण करतात. स्पॅनिशमध्ये सरळ 'हजार मिलियन' म्हणण्याची रीत आहे. म्युनिक किंवा पॅरिसमधल्या कंपनीचा मूळ भाषेतील ताळेबंद वाचणाऱ्याने तिथला 'बिलिओन' अब्ज समजून घेतला, तर हिशेब हजारपटीने चुकतो.

हा फरक दोन जुन्या नोटांवर शब्दशः छापलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत जर्मन मार्क इतका कोसळला की, नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. फेब्रुवारी १९२४ ही तारीख असलेल्या तिथल्या सर्वांत मोठ्या नोटेवर 'शंभर बिलिओन मार्क' असे छापले होते. झिम्बाब्वेने २००९ च्या जानेवारीत काढलेल्या नोटेवर 'शंभर ट्रिलियन डॉलर' असे शब्द होते. एकीकडे बिलियन, दुसरीकडे ट्रिलियन. पण दोन्ही नोटांवरच्या संख्येत एकावर चौदा शून्येच आहेत. हंगेरीत १९४६ साली तर आखूड रूप थेट चलनाच्या नावातच शिरले. दहा लाख पेंगोंना 'मिलपेंगो' आणि लाख कोटी पेंगोंना 'बी-पेंगो' म्हणू लागले, कारण पूर्ण संख्या नोटेवर छापणेच अशक्य झाले होते. व्यवहारात आलेली सर्वांत मोठी नोट दहा कोटी बी-पेंगोंची, म्हणजे एकावर वीस शून्यांची होती.

'टी' किंवा 'टीएन' म्हणजे ट्रिलियन, एकावर बारा शून्ये, आपल्याकडचे एक लाख कोटी. या अक्षराचीही एक वेगळी ओळख आहे. शेअर बाजारातल्या 'टी+१' मधला 'टी' हा सौद्याचा दिवस दाखवतो. सौदा झाल्यावर पुढच्या कामकाजाच्या दिवशी पैसे आणि शेअर हाती येतात, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय बाजारांत ही पद्धत २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरना लागू झाली.

लाख, कोटी आणि त्यापुढचे

भारतीय मोजणीची आखूड रूपे दोनच. लाखासाठी 'एल', कधी 'लॅक' किंवा 'लाख' असा पूर्ण शब्द; कोटीसाठी 'सीआर', कधी त्यापुढे 'एस' लावून अनेकवचन. नोकरीच्या जाहिरातीत 'एलपीए' म्हणजे वर्षाला इतके लाख. फोनची भाषा मराठी ठेवली, तर अनेक ठिकाणी 'के' ऐवजी 'ह' दिसतो. '१.२ ह' म्हणजे १ हजार २००. लाख आणि कोटी मात्र पूर्ण शब्दांत येतात आणि वाचायला फार सोपे जातात.

'सीआर' वाचताना एक गल्लत वारंवार होते. बँकेच्या पासबुकात आणि खातेउताऱ्यात हीच दोन अक्षरे 'क्रेडिट', म्हणजे जमा, यासाठी असतात आणि 'डीआर' म्हणजे नावे. शिल्लक रकमेपुढे '४५,३०० सीआर' छापले असेल, तर खात्यात पंचेचाळीस हजार तीनशे रुपये जमा आहेत. कर्जखात्यात त्याच जागी 'डीआर' दिसते, कारण ती रक्कम खातेदाराने बँकेला द्यायची असते. ओळखायची खूण सोपी आहे. कोटीचा 'सीआर' बहुतेक वेळा दशांश अपूर्णांकासोबत किंवा छोट्या संख्येसोबत येतो, तर जमेचा 'सीआर' रुपये-पैशांपर्यंत पूर्ण लिहिलेल्या रकमेमागे येतो.

लाख-कोटींच्या पद्धतीत दशांश चिन्हानंतरचे आकडे कसे वाचायचे, हे घर घेणाऱ्याला नीट माहीत असायला हवे. कोटीच्या दशांश चिन्हापुढचे पहिले दोन आकडे लाख दाखवतात. १.०५ कोटी म्हणजे एक कोटी पाच लाख. १.५ कोटी वाचताना मनात शेवटी एक शून्य जोडून १.५० करावे, म्हणजे एक कोटी पन्नास लाख, अर्थात दीड कोटी. एका शून्याची जागा बदलली की पंचेचाळीस लाखांचा फरक पडतो. १.२५५ कोटी म्हणजे एक कोटी पंचवीस लाख पन्नास हजार. लाखाच्या बाबतीत तेच दोन आकडे हजार दाखवतात: २.७५ एल म्हणजे दोन लाख पंच्याहत्तर हजार. मिलियनला हा नियम लागू पडत नाही. तिथे दशांश चिन्हापुढचे तीन आकडे हजारांचे असतात, १.०५ एम म्हणजे १.०५० मिलियन, म्हणजेच दहा लाख पन्नास हजार.

मराठीतले अपूर्णांकांचे जुने शब्द इथे फार उपयोगी पडतात. सव्वा म्हणजे १.२५, दीड म्हणजे १.५, पावणेदोन म्हणजे १.७५, अडीच म्हणजे २.५. पाऊण कोटी म्हणजे पंच्याहत्तर लाख. पडद्यावरचा आकडा या शब्दांत मोठ्याने उच्चारला की रकमेचा अंदाज लगेच येतो. '१.७५ सीआर' नुसते डोळ्यांखालून जाते. 'पावणेदोन कोटी' म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. मुंबईच्या बोलीत लाखाला 'पेटी' आणि कोटीला 'खोका' म्हणतात, पण ते बोलण्यापुरते. कागदावर त्यांना जागा नाही.

कोटीच्या पुढे मराठीत दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व अशी नावे आहेत. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, दर दहापटीला स्वतंत्र नाव दिलेले आहे. त्या क्रमात अर्बुद म्हणजे दहा कोटी, अब्ज म्हणजे शंभर कोटी आणि खर्व म्हणजे हजार कोटी. हिंदीतला 'अरब' मात्र शंभर कोटींचा आणि 'खरब' दहा हजार कोटींचा; नेपाळमध्येही हिंदीप्रमाणेच मोजतात. म्हणजे 'खर्व' आणि 'खरब' हे ऐकायला जवळचे शब्द दहापटीने वेगळे आहेत. अब्ज हा शब्द निःशंक वापरावा, पण त्यापुढच्या रकमेसाठी 'लाख कोटी' म्हणणेच योग्य. शब्द सीमा ओलांडताना किती बदलतात, याचे आणखी एक उदाहरण इराणमधले आहे. तिथे 'कुरूर' हा कोटीशी नाते सांगणारा शब्द पाच लाखांसाठी वापरला जात असे. १८२८ च्या तुर्कमानचाय तहात इराणने रशियाला द्यायची दहा कुरूर तोमानांची भरपाई ही प्रत्यक्षात पन्नास लाखांची होती.

एका पद्धतीतून दुसरीत

मिलियन-बिलियन आणि लाख-कोटी या दोन पद्धतींमध्ये ये-जा करायला तीनच गोष्टी पाठ असाव्या लागतात. एक मिलियन म्हणजे दहा लाख. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. यांतून पुढचे सगळे निघते. मिलियनमधला आकडा दहाने भागला की कोटी मिळतात, बिलियनमधला शंभराने गुणला की कोटी मिळतात, आणि ट्रिलियनचा आकडा तसाच ठेवून पुढे 'लाख कोटी' लिहायचे. केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्चाचा अंदाज ५०.६५ लाख कोटी रुपये होता. तोच परदेशी वृत्तपत्रात ५०.६५ ट्रिलियन रुपये असा छापला जातो.

डॉलरची रक्कम असेल, तर एक पायरी वाढते. सोयीसाठी एका डॉलरला ८५ रुपये धरले, तर दहा लाख डॉलर म्हणजे साडेआठ कोटी रुपये, एक बिलियन डॉलर म्हणजे साडेआठ हजार कोटी आणि एक ट्रिलियन डॉलर म्हणजे ८५ लाख कोटी. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करण्याचे उद्दिष्ट राज्य सरकार सांगते, तेव्हा त्याचा रुपयांतला अर्थ हा असतो. त्या दिवशीचा खरा दर जो असेल, तो ८५ च्या जागी ठेवावा. बातम्यांमधली नेहमीची चूक म्हणजे डॉलरचे रुपये करून झाल्यावर 'बिलियन' हा शब्द तसाच ठेवणे किंवा बिलियनचे कोटी करून झाल्यावर डॉलरचा दर लावायला विसरणे. पहिल्या चुकीत आकडा बरोबर असूनही वाचकाला तो पेलत नाही, दुसरीत तो ८५ पटीने लहान होतो.

स्वल्पविरामही पद्धत सांगतो. १२,३४,५६,७८९ अशी मांडणी दिसली की लिहिणारा लाख-कोटींत मोजतो आहे. १२३,४५६,७८९ दिसली की मिलियनमध्ये. शाळेत शिकवलेले एकं, दहं, शतं उजवीकडून म्हणत गेले, तर दोन्ही मांडण्यांतून एकच संख्या हाती लागते. युरोपात मात्र आणखी एक पेच आहे. जर्मनीत हजारांचे गट पाडायला टिंब वापरतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. तिथल्या बिलावरचे १.२५० युरो म्हणजे साडेबाराशे युरो, सव्वा युरो नव्हे.

कोपऱ्यातली ओळ

कंपन्यांच्या आणि सरकारी संस्थांच्या तक्त्यांत प्रत्येक आकड्यामागे अक्षर नसते. वरच्या कोपऱ्यात बारीक टाइपात 'रुपये कोटीत' किंवा 'रुपये मिलियनमध्ये' अशी एक ओळ असते आणि सगळा तक्ता तिच्यावर उभा असतो. ती ओळ न वाचता आकडे वाचणे हा आर्थिक कागद वाचतानाचा सर्वांत महागात पडणारा आळस आहे.

कंपनी कायदा, २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीनुसार ज्या कंपनीचे एकूण उत्पन्न १०० कोटींपेक्षा कमी आहे, तिने आकडे शेकडा, हजार, लाख किंवा मिलियन यांत पूर्णांकित करायचे असतात; १०० कोटी किंवा अधिक असेल, तर लाख, मिलियन किंवा कोटीत. यांपैकी कोणते एकक घ्यायचे, हे कंपनीच्या मर्जीवर असते. परिणामी एकाच शहरातल्या, एकाच व्यवसायातल्या दोन कंपन्या वेगवेगळ्या एककांत बोलतात. बंगळुरूच्या इन्फोसिस आणि विप्रो यांचे २०२३-२४ चे आकडे पाहावेत. इन्फोसिसच्या अहवालात महसूल १,५३,६७० असा आहे आणि विप्रोच्या अहवालात ८९७,६०३. नुसते आकडे शेजारी ठेवले, तर विप्रो जवळपास सहापट मोठी वाटेल. पण इन्फोसिसचा तक्ता कोटींत आहे आणि विप्रोचा मिलियनमध्ये. दहाने भागल्यावर विप्रोचा महसूल सुमारे ८९,७६० कोटी निघतो, म्हणजे इन्फोसिसच्या पाच-सहा दशांशांदरम्यान. शेअर घेण्याआधी दोन कंपन्यांची तुलना करणाऱ्याने पहिली नजर या कोपऱ्यावर टाकावी.

कधी एकाच तक्त्यात दोन्ही पद्धती असतात. रिझर्व्ह बँकेच्या साप्ताहिक सांख्यिकी पुरवणीत परकीय चलनसाठा शेजारच्या रकान्यांत दोनदा येतो, एकदा कोटी रुपयांत आणि एकदा मिलियन डॉलरमध्ये. २७ सप्टेंबर २०२४ रोजी संपलेल्या आठवड्यात हा साठा ७,०४,८८५ मिलियन डॉलर होता. शेवटचे तीन आकडे दशांशापलीकडे सरकवले की तो ७०४.८८५ बिलियन होतो आणि बातम्यांत 'सुमारे ७०५ अब्ज डॉलर' म्हणून येतो.

यूपीआयचे आकडे याहून बोलके आहेत. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या मासिक तक्त्यात व्यवहारांची संख्या 'एमएन'मध्ये आणि त्यांची रक्कम 'सीआर'मध्ये असते. ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याच्या व्यवहारांनी पहिल्यांदा २० अब्जांचा टप्पा ओलांडला. तक्त्यात संख्या होती सुमारे २०,००८ आणि रक्कम सुमारे २४,८५,४७३. सरासरी व्यवहार काढायचा, तर आधी संख्या कोटींत आणावी: २०,००८ मिलियन म्हणजे सुमारे २,००१ कोटी व्यवहार. आता रक्कम तिने भागली की एका व्यवहाराला सुमारे १,२४० रुपये येतात. किराणा, रिक्षाभाडे, वीजबिल, घरभाडे हे सगळे एकत्र धरले, तर हा आकडा पटण्यासारखा आहे. एककाची गल्लत होऊन तो १२४ किंवा १२,४०० आला असता, तर हिशेब पुन्हा तपासावा हे तिथेच कळले असते. मोठ्या रकमेला माणसांच्या किंवा व्यवहारांच्या संख्येने भागून ओळखीच्या मापावर आणणे, ही एककाची चूक पकडण्याची सर्वांत भरवशाची रीत आहे. दहापट आणि शंभरपट चुका मोठ्या आकड्यांत लपून राहतात. माणशी किंवा व्यवहारामागे आल्या की उघड्या पडतात.

नफा-तोट्याच्या तक्त्यात कंसातली संख्या दिसली, तर ती वजा आहे असे समजावे. तक्ता कोटींत असेल, तर कंसातले १२.५ म्हणजे साडेबारा कोटींचा तोटा किंवा वजावट.

पगार, गुंतवणूक आणि पूर्णांकन

नोकरीच्या दोन प्रस्तावांची तुलना करताना आखूड रूपे वेगवेगळ्या काळाची असू शकतात. एका ठिकाणी 'महिना ४५ के' आणि दुसरीकडे '६ एलपीए' असेल, तर पहिल्याचे वर्षाचे ५ लाख ४० हजार होतात आणि दुसऱ्याचे महिन्याला ५० हजार. वरवर दुसरा प्रस्ताव मोठा आहे. पण 'एलपीए'चा आकडा बहुधा कंपनीच्या एकूण खर्चाचा असतो. त्यात भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, कधी कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही धरलेली असते. '४५ के' जर हातात पडणारा पगार असेल, तर तोच जास्त भरण्याची शक्यता असते. म्हणून अक्षराबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: आकडा महिन्याचा की वर्षाचा, आणि कपातीआधीचा की नंतरचा.

म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत 'महिना १० के, वीस वर्षांत १ सीआर' असे गणित वारंवार दिसते. वार्षिक १२ टक्के परतावा दर महिन्याला १ टक्का असा धरला आणि हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला, तर वीस वर्षांनी ९९ लाख ९१ हजारांच्या आसपास रक्कम होते. म्हणजे गणित चूक नाही, फक्त पूर्णांकित आहे. पण १२ टक्के हे गृहीतक आहे, हमी नव्हे, आणि त्या 'एक सीआर'मध्ये भरणाऱ्याचे स्वतःचे २४ लाख आहेत. दोन अक्षरांत हे दोन्ही तपशील मावत नाहीत, म्हणून गणकयंत्र 'पूर्ण आकडे दाखवा' अशी सोय देत असेल, तर ती वापरावी.

प्रत्येक आखूड रूपात काहीतरी कापले जाते. '१.२ एम' हा आकडा साध्या पूर्णांकनाने आला असेल, तर मूळ संख्या साडेअकरा लाखांपासून साडेबारा लाखांच्या जरा आतपर्यंत कुठेही असू शकते. लाखभराची जागा त्यात दडलेली असते. प्रेक्षकसंख्येच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. कर्जाची उरलेली रक्कम, कराचा भरणा, विम्याचा दावा यांच्या बाबतीत बिघडते. तिथे पडद्यावरचे आखूड रूप नव्हे, तर उताऱ्यातली पैशांपर्यंतची रक्कम प्रमाण मानावी.

स्वतः लिहिताना

लिहिणाऱ्याने एका मजकुरात एकच पद्धत धरावी. मराठी वाचकासाठी हजार, लाख, कोटी हे शब्द पूर्ण लिहिले, तरी जागा फारशी जास्त लागत नाही आणि गैरसमजाला वावच उरत नाही. परदेशातल्या ग्राहकाला कोटेशन पाठवताना याच्या उलट करावे. लंडन किंवा दुबईतल्या वाचकाला '२ सीआर' म्हणजे काय हे कळेलच असे नाही, म्हणून मिलियन हा शब्द आणि चलनाचे नाव दोन्ही लिहावेत. नुसता 'एम' टाळावा. तक्ता असेल, तर एकक मथळ्यात ठळक टाइपात द्यावे आणि सगळ्या रकान्यांना तेच ठेवावे.

एक्सेलसारख्या तक्त्यात रकमेच्या चौकटीत '५ एल' टंकले, तर संगणक तो मजकूर समजतो आणि बेरजेत धरत नाही. खालची एकूण रक्कम निमूटपणे कमी येते. चौकटीत ५००००० अशी पूर्ण संख्या भरावी आणि ती लाखांत कशी दिसावी हे मांडणीच्या पर्यायातून ठरवावे.

मोबाइलवर पैशांचा निरोप पाठवतानाही शब्दच बरे. 'पन्नास पाठव' असा निरोप एकाला पन्नास रुपयांचा वाटतो, दुसऱ्याला पन्नास हजारांचा. पैसे पाठवणाऱ्याने 'पाठवा' दाबण्याआधी पडद्यावरचे आकडे एकं-दहं करत एकदा मोजावेत, विशेषतः शेवटी तीन-चार शून्ये ओळीने आलेली असतील तेव्हा.

करार, इच्छापत्र, हातउसन्या रकमेची चिठ्ठी आणि धनादेश यांवर आखूड रूप मुळीच लिहू नये. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार रक्कम अंकांत एक आणि अक्षरांत दुसरी असेल, तर अक्षरांत लिहिलेली रक्कम खरी धरली जाते. प्रत्यक्षात बँक असा विसंगत धनादेश परतही करते. म्हणून अक्षरी रक्कम ओळीच्या अगदी डाव्या टोकापासून सुरू करावी, शब्दांमध्ये मोकळी जागा सोडू नये, शेवटी 'फक्त' लिहावे आणि उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारावी.